छोट्या व्यवसायासाठी डोमेन कोणाकडून घ्यावे आणि मेल कुठे ठेवावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पाच जणांचा व्यवसाय आहे, आजवरचा सगळा पत्रव्यवहार एका फुकटच्या जीमेल खात्यावरून चालला, आता स्वतःच्या नावाचे डोमेन (म्हणजे डॉट कॉमसारख्या प्रत्ययाने संपणारे इंटरनेटवरचे नाव) आणि त्यावरचे मेलपत्ते हवे आहेत, एक कंपनी डोमेन, संकेतस्थळासाठी जागा आणि मेल असे तिन्ही एकत्र, पहिल्या वर्षी जवळजवळ फुकट देऊ करते आहे, तर ते घ्यावे का? माझे उत्तर असे की डोमेन एकाकडे आणि मेल दुसऱ्याकडे ठेवावा, आणि कंपनी निवडण्यापेक्षा घेतलेले डोमेन नेमके कोणाच्या ताब्यात राहणार, यावर जास्त विचार करावा. छोट्या व्यवसायांची डोमेन आणि मेल लावून देणे हे माझे रोजचे काम आहे. निस्तरायला येणाऱ्या प्रकरणांत कंपनी वाईट निघाल्याची उदाहरणे थोडी असतात, ताबा सैल सुटल्याची फार.

आधी रचना समजून घ्या. सगळ्या डॉट कॉम नावांची मूळ नोंदवही व्हेरिसाइन ही कंपनी सांभाळते, आणि आपण ज्याच्याकडून नाव घेतो तो रजिस्ट्रार आपल्या वतीने त्या वहीत नोंद करतो. त्यामुळे महाग रजिस्ट्रारकडचे डॉट कॉम आणि स्वस्त रजिस्ट्रारकडचे डॉट कॉम यांत नाव म्हणून काहीही फरक नसतो. फरक असतो तो खात्याच्या सुरक्षिततेत, नूतनीकरणाच्या दरात आणि अडचणीच्या वेळी पलीकडून कोणी उत्तर देते का, यात. डॉट कॉमसारख्या सर्वसाधारण प्रत्ययांसाठी रजिस्ट्रारना मान्यता देण्याचे काम १९९८ साली स्थापन झालेली आयकॅन ही संस्था करते. देशांच्या दोन अक्षरी प्रत्ययांचे नियम मात्र त्या त्या देशाची नोंदणी संस्था ठरवते, तेव्हा पुढे दिलेल्या मुदती तिथे जशाच्या तशा लागू होतील असे समजू नये. विकणारा प्रत्येक जण स्वतः मान्यताप्राप्त असतो असेही नाही, कारण बरेच होस्टिंगवाले (संकेतस्थळासाठी जागा देणारे) आणि संकेतस्थळ बनवणारे दुसऱ्या कोणाचे तरी पुनर्विक्रेते असतात. आयकॅनच्या लुकअप पानावर नाव टाकले की खरा रजिस्ट्रार कोण, मुदत कधी संपते आणि हस्तांतराचे कुलूप (नाव परस्पर दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवू न देणारे) लागलेले आहे की नाही, हे कोणालाही पाहता येते.

ताब्याचा मुद्दा इथून सुरू होतो. संकेतस्थळ बनवणारा म्हणतो, ‘डोमेनचं मी बघतो, तुम्ही काळजी करू नका,’ आणि नाव स्वतःच्या खात्यात, अनेकदा स्वतःच्याच नावावर नोंदवतो. यात त्याचा हेतू वाईट असतो असे नाही. त्याला ते सोयीचे पडते, इतकेच. माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात अशा माणसाने आपला धंदाच गुंडाळला, त्याचा फोन लागेनासा झाला, आणि ग्राहकाकडे दरवर्षी पैसे भरल्याच्या पावत्या असूनही रजिस्ट्रार दाद देईना, कारण त्याच्या लेखी मालक म्हणजे नोंदवहीत ज्याचे नाव आहे तो. म्हणून नोंदणीधारकाच्या रकान्यात व्यवसायाचे अधिकृत नाव घालावे, रजिस्ट्रारचे खाते मालकाने स्वतः उघडावे आणि पैसे व्यवसायाच्या खात्यातून भरावेत. संकेतस्थळ करणाऱ्याला त्याच्या कामापुरता प्रवेश वेगळा देता येतो. ज्या रजिस्ट्रारकडे अशी सोय नाही, त्याच्याकडे न गेलेले बरे.

त्याच खात्याबाबत दुसरी एक गोष्ट हमखास राहून जाते. रजिस्ट्रारच्या खात्याला जोडलेला मेलपत्ता त्याच डोमेनवरचा असू नये. डोमेनची मुदत संपली की त्यावरचा मेल बंद पडतो, त्यामुळे मुदत संपल्याची सूचनाही पोहोचत नाही आणि पासवर्ड बदलण्याचा दुवाही पोहोचत नाही; म्हणजे दार उघडण्याची किल्ली त्याच दाराच्या आत अडकते. तुमचे जुने जीमेल खाते या कामाला अगदी योग्य आहे. ते बंद करू नका, त्याला टू-फॅक्टर पडताळणी (पासवर्डबरोबर दुसरा पुरावा मागणारी) लावा आणि रजिस्ट्रारच्या खात्यालाही लावा, शक्यतो एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप (फोनवर सतत बदलणारा कोड दाखवणारे) किंवा हार्डवेअर की (जवळ बाळगायची छोटी किल्लीवजा वस्तू) वापरून. डोमेनच्या खात्यात शिरलेला माणूस मेलचा रस्ता स्वतःकडे वळवू शकतो, आणि मेल हाती आला की पासवर्ड बदलण्याच्या दुव्यांवरून बाकीची खातीही एकेक करून घेता येतात. जानेवारी २०२१ मध्ये पर्ल या संगणकभाषेचे पर्ल डॉट कॉम हे जुने, नावाजलेले डोमेनही पळवले गेल्याचे उघड झाले आणि ते परत मिळवण्यासाठी जाणत्या लोकांनाही धावपळ करावी लागली.

मुदत चुकणे हे केवळ छोट्यांच्याच नशिबी असते असे नाही. डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टकडून तिच्या हॉटमेल या मेलसेवेच्या लॉगिनसाठी लागणाऱ्या पासपोर्ट डॉट कॉमचे शुल्क भरायचे राहिले, हॉटमेलच्या अनेक ग्राहकांना आपली खाती उघडता येईनात, आणि शेवटी एका त्रयस्थ प्रोग्रामरने स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरून ती नोंद चालू केली. डॉट कॉमची मुदत संपल्यावर रजिस्ट्रार जास्तीत जास्त ४५ दिवस नेहमीच्या दराने नूतनीकरण करून देऊ शकतो, पण बरेच रजिस्ट्रार ही सवलत त्याआधीच आटोपती घेतात आणि नाव लिलावातही काढतात. त्यानंतर नाव काढून टाकले गेले तर ३० दिवस ते भरमसाट दंड भरून सोडवता येते, आणि पुढच्या ५ दिवसांनी ते कोणालाही घेण्यासाठी मोकळे होते. नोंदणी एका वेळी १० वर्षांपर्यंत करता येते. मी स्वयंचलित नूतनीकरण चालू ठेवून शिवाय तीन ते पाच वर्षांचे पैसे एकदम भरायला सांगतो, कारण स्वयंचलित नूतनीकरण फसण्याचे नेहमीचे कारण म्हणजे मुदत संपलेले बँकेचे कार्ड, आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. नोंदणी झाल्यावर मेलपत्त्याच्या पडताळणीचा जो संदेश येतो तो दिसायला फसव्या मेलसारखाच असतो, पण १५ दिवसांत पडताळणी केली नाही तर डोमेन स्थगित होऊ शकते. संशय आला तर त्यातल्या दुव्यावर न जाता थेट रजिस्ट्रारच्या खात्यात शिरून ती पूर्ण करावी.

दर पाहताना पहिल्या वर्षाचा आकडा सोडून द्यावा आणि दुसऱ्या वर्षाचा शोधावा. तो बहुधा लहान अक्षरांत, खरेदीच्या शेवटच्या पानावर असतो. त्याच पानावर आधीच खुणा केलेल्या काही सेवाही असतात. नावाची गोपनीयता (नोंदणीधारकाचा तपशील लोकांना न दाखवणे) बहुतेक चांगले रजिस्ट्रार आता विनामूल्य देतात आणि संकेतस्थळाशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित करणारे एसएसएल प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या सेवेकडून फुकट मिळते, म्हणून या दोन्हींच्या खुणा बिनधास्त काढाव्यात. रजिस्ट्रारची नावे सांगायची तर क्लाउडफ्लेअर घाऊक दरात डोमेन देते, मात्र तिचेच नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी जगाला सांगणारे सर्व्हर) वापरावे लागतात. पोर्कबन आणि नेमचीप यांच्याकडे ते बंधन नाही. यांतले कोणतेही चालेल. निवड जन्माची नसते हेही लक्षात ठेवा: २०२३ मध्ये गूगलने आपला डोमेनचा व्यवसाय स्क्वेअरस्पेसला विकला आणि ज्यांनी विचारपूर्वक गूगल निवडले होते त्यांनाही न विचारता नवा रजिस्ट्रार मिळाला. म्हणून बाहेर पडण्याची वाट सोपी आहे ना, म्हणजे कुलूप काढणे आणि हस्तांतराचा कोड मिळवणे खात्यातूनच जमते ना, हे आधी पाहावे. नव्या नोंदणीनंतर किंवा हस्तांतरानंतर साधारणतः ६० दिवस नाव हलवता येत नाही, आणि डॉट कॉम हलवताना भरलेल्या पैशांत मुदत एका वर्षाने वाढते, त्यामुळे हस्तांतराचा खर्च वाया जात नाही.

आता मेल. होस्टिंगबरोबर फुकट मिळणारा मेल न घेण्याचे माझे मुख्य कारण असे की तिथे तुमचा मेल ज्या सर्व्हरवरून जातो त्याच सर्व्हरवर अनोळखी शेकडो जण असतात. त्यांतल्या एकाने कचरामेल पाठवला की त्या सर्व्हरच्या आयपी पत्त्याची (इंटरनेटवरच्या क्रमांकाची) पत जाते आणि तुमची बिले ग्राहकाच्या स्पॅममध्ये जाऊन पडतात. शिवाय संकेतस्थळ हॅक झाले किंवा जागा भरली की मेलही त्याबरोबर आडवा होतो. स्वतःचा मेल सर्व्हर चालवण्याचा सल्ला कोणी देत असेल तर तो त्याच्या हौसेचा भाग समजावा. गूगल वर्कस्पेस, मायक्रोसॉफ्ट ३६५, झोहो मेल, फास्टमेल हे सगळे भरवशाचे पर्याय आहेत, आणि यांतून निवडताना वैशिष्ट्यांचे तक्ते जुळवत बसण्यापेक्षा आपली माणसे आज काय वापरतात ते पाहावे: जीमेलला सरावलेल्यांना वर्कस्पेस, दिवसभर एक्सेल आणि आउटलुकमध्ये असणाऱ्यांना मायक्रोसॉफ्ट, आणि फक्त मेल हवा असून खर्च आटोक्यात ठेवायचा असेल तर झोहो किंवा फास्टमेल. फुकट योजनेचा मोह होईल, पण तिच्यात आयमॅप (मेल दुसऱ्या ॲपमधून वाचण्याची आणि उचलण्याची सोय) आहे का ते आधी पाहा; नसेल तर उद्या मेल उचलून दुसरीकडे नेणे जिकिरीचे होते.

या सेवांचे पैसे माणशी लागतात, पत्त्यामागे नव्हे, ही गोष्ट विक्रेते आपण होऊन सांगत नाहीत. पाच जणांच्या व्यवसायाला चौकशी, हिशेब, खरेदी अशा नावांचे आणखी पत्ते लागले तरी ते एलियास (त्याच मेलबॉक्सचे दुसरे नाव) किंवा ग्रुप (अनेकांना मेल पोहोचवणारा एक पत्ता) म्हणून करता येतात. वर्कस्पेसमध्ये एका माणसाला ३० पर्यंत एलियास मिळतात, आणि मायक्रोसॉफ्टमध्ये ५० जीबीपर्यंतच्या सामाईक मेलबॉक्सला वेगळा परवाना लागत नाही. माहितीपत्रकासारखे शेकडो ग्राहकांना एकदम जाणारे मेल मात्र या मेलबॉक्समधून पाठवू नयेत. त्यासाठी वेगळी सेवा आणि वेगळे उपडोमेन (मूळ नावाच्या आधी शब्द जोडून केलेले) ठेवावे, म्हणजे जाहिरातीच्या मेलची बदनामी बिलांच्या मेलला चिकटत नाही.

मेल सुरू करताना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनचे संकेतस्थळ आणि मेल कुठे आहेत ते सांगणाऱ्या यादीत, घालाव्याच लागतात. तुमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात ते एसपीएफ सांगते, प्रत्येक मेलवर पडताळता येणारी सही डीकेआयएम करते, आणि या दोन्ही चाचण्यांत नापास झालेल्या मेलचे काय करावे ते डीमार्क सांगते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर (गूगलच्या हिशेबात दिवसाला ५,००० हून अधिक) मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही सक्तीचे केले; तुम्ही त्यात बसत नसलात तरी एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तुमच्याकडूनही अपेक्षित आहे. एसपीएफची नोंद एका डोमेनला एकच असते. बिलिंगचे सॉफ्टवेअर जोडताना कोणी दुसरी नोंद वेगळी घातली तर दोन्ही निकामी होतात, तेव्हा आहे त्याच नोंदीत भर घालावी आणि तिच्यातून होणाऱ्या डीएनएस चौकश्या १० च्या वर जाऊ देऊ नयेत. डीमार्क सुरुवातीला केवळ अहवाल मागवण्याच्या पातळीवर ठेवावे आणि काही आठवड्यांचे अहवाल पाहून मगच कडक करावे.

उद्या सेवा बदलायची वेळ आली तर क्रम महत्त्वाचा असतो. आदल्या दिवशी एमएक्स नोंदीचा (मेल कोणत्या सर्व्हरकडे जावा ते सांगणाऱ्या नोंदीचा) टीटीएल, म्हणजे इतरांनी ती नोंद लक्षात ठेवण्याचा काळ, ३०० सेकंदांवर आणावा, डीएनएसच्या सगळ्या नोंदींची प्रत काढून ठेवावी, नव्या सेवेत प्रत्येक मेलबॉक्स आणि प्रत्येक एलियास तयार करावा, आणि मगच एमएक्स वळवावे. नवा सर्व्हर थोडा वेळ बंद असला तरी फारसे बिघडत नाही, कारण पाठवणारे सर्व्हर बहुधा चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतात. पण सर्व्हर चालू आहे आणि हिशेबाचा पत्ता तयार करायचा राहिला आहे, अशा वेळी तो ‘असा कोणी इथे नाही’ म्हणून मेल तत्काळ परत पाठवतो आणि तो पुन्हा येत नाही. जुना मेल त्यानंतर आयमॅपने सावकाश उचलून आणला तरी चालते.

मेल सेवेच्या प्रशासक खात्याबाबत शेवटचे: ते रोजच्या वापराच्या मेलबॉक्सहून वेगळे ठेवा, मालकाशिवाय आणखी एका विश्वासू माणसाला तसाच अधिकार द्या, आणि टू-फॅक्टरचे बॅकअप कोड छापून जिथे व्यवसायाची कागदपत्रे ठेवता तिथे ठेवा. कोणी नोकरी सोडली तर त्याचा मेलबॉक्स लगेच पुसून टाकू नका. त्याच दिवशी पासवर्ड बदला, सगळ्या उपकरणांवरून त्याला लॉगआउट करा, जुना मेल उतरवून घ्या किंवा सामाईक मेलबॉक्समध्ये हलवा, आणि त्याचा पत्ता दुसऱ्या कोणाच्या तरी खात्याला एलियास म्हणून जोडा, म्हणजे त्या पत्त्यावर लिहिणाऱ्या ग्राहकाचा मेल परत जाणार नाही.