शिबिरात बाबा कुणाचे?

प्रश्न : मोठा मुलगा सातवीत आहे, यंदा शाळेच्या स्काउट पथकात गेला. मीही शाळेत स्काउट होतो, त्यामुळे मनापासून आनंद झाला. डिसेंबरात तीन दिवसांचं शिबिर आहे आणि स्काउटचे सर मला मदतीला चला म्हणताहेत. चिरंजीव मात्र म्हणतात, ‘बाबा, तुम्ही नका येऊ.’ उलट तिसरीतला धाकटा ‘मलाही न्या’ म्हणून हटून बसलाय. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, कराड

उत्तर : सरांचं ऐका आणि जा. पण पोराच्या बोलण्यातही तथ्य आहे, त्याचा मान राखून जा.

माझे दोघेही मुलगे साताऱ्यात एकाच पथकात वाढले. मी बँकेतला माणूस, लहानपणी स्काउटचं वारंही न लागलेला. पोरांमुळे त्यात ओढला गेलो आणि त्यांची शाळा संपल्यावरही बरीच वर्षं तिथेच रेंगाळलो. पहिल्या शिबिराला निघताना आमच्या सरांनी मला एकच अट घातली होती : तुमचा मुलगा पथकातल्या ज्या संघात, म्हणजे छोट्या तुकडीत आहे, त्या संघाच्या तंबूकडे फिरकायचं नाही. मला शिध्याचं काम दिलं. तांदूळ, डाळ, तेल मोजून प्रत्येक संघाच्या पोराला द्यायचं, वहीत लिहायचं. उभ्या आयुष्यात मी रोख मोजली तेवढ्याच काळजीनं ती तूरडाळ मोजली.

शिध्याच्या तंबूतून समोरचं सगळं दिसायचं. दुसऱ्या दिवशी थोरल्याच्या संघानं भांडी ठेवायला लाठ्यांचा स्टँड बांधला. दोन लाठ्या आडव्या-उभ्या जोडताना आधी उभ्या लाठीला क्लोव्ह हिचची गाठ मारायची, मग चौकोनी फेरे घ्यायचे आणि शेवटी दोन लाठ्यांच्या मधून फेरे घालून सगळं करकचून आवळायचं. पोरांनी हे मधले फेरे खाल्ले. वरून बघायला स्टँड झकास. चार ताटं ठेवेपर्यंत उभा राहिला, पातेलं ठेवलं आणि सगळं मातीत. माझे हात शिवशिवत होते. पण त्यांचा संघनायक, आठवीतला एक किडकिडीत मुलगा, कुणावर ओरडला नाही. त्यानं एक कोपरा सोडला, सुतळी बोटांत धरून ती कशी सैल पडली ते बाकीच्यांना दाखवलं आणि दोघांना पुन्हा बांधायला बसवलं. माझ्या पोराला त्यानं ताटं धुवायला नदीवर पिटाळलं. घरी स्वतःचं ताट न उचलणारा हा मुलगा निमूट गेला! मी मधे पडलो असतो तर स्टँड पाच मिनिटांत उभा राहिला असता आणि त्या संघनायकाचं संघात काही उरलं नसतं.

ही संघांची पद्धत पहिल्या शिबिरापासूनची आहे. १९०७ च्या ऑगस्टात स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल वीसेक मुलांना घेऊन इंग्लंडजवळच्या ब्राउनसी बेटावर राहिले, तेव्हा मुलांचे चार संघ केले होते आणि प्रत्येकावर एक मोठा मुलगा नेमला होता. गंमत अशी, की तेव्हा ते स्वतः बाप नव्हते. त्यांचं लग्न १९१२ मध्ये झालं, मुलगा पीटर १९१३ मध्ये जन्मला. बापाला कुठे बसवायचं याची सोय या रचनेत नाही ती त्यामुळेच, असं मी पालकसभेत म्हणायचो. नऊ वर्षांचा एक पुतण्या मात्र त्यांनी बेटावर नेला होता. धाकट्याला एवढ्यात हा दाखला देऊ नका. तिसरीतला मुलगा कबमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या पथकात शोभतो, स्काउटच्या शिबिरात तो थोरल्याच्या गळ्यात पडेल आणि थोरल्याचे तिन्ही दिवस वाया जातील. त्याच्या शाळेत कबचं पथक आहे का, ते विचारा.

तुम्ही जुने स्काउट आहात, हा मात्र थोडा धोकाच. ‘आमच्या वेळी’ हे दोन शब्द घरी ठेवून जा. तुमच्या गाठी उत्तम येत असतील तर दुसऱ्या संघाला शिकवा. थोरला लांबून बघतो, बघू द्या. माझा धाकटा पुढे पथकात आला तेव्हा बाकीच्या पोरांसारखा मला ‘काका’च म्हणायला लागला. शिध्याच्या रांगेत उभा राहून म्हणाला, ‘काका, आमच्या संघाला गूळ कमी मिळालाय.’ वही बघितली. खरंच कमी होता. दिला.

प्रश्न : माझ्या मुलाची स्काउटची वही त्याचे बाबाच लिहितात. गाठींचा तक्ता बाबांनी केला. मुलांनी स्वतः काम करून पैसे मिळवायच्या ‘खरी कमाई’च्या दिवशी शाळेत स्टॉल लावला, त्याचे वडे मी तळले. मुलगा आता स्काउटच्या परीक्षांत तृतीय सोपानापर्यंत आलाय आणि यांचं लक्ष राष्ट्रपती पुरस्कारावर आहे. मी बोलले की घरात वाद होतो.
– एक आई, नाशिक

उत्तर : ताई, मग राष्ट्रपती पुरस्कार बाबांना मिळू द्या, शोभून दिसेल.

थट्टा बाजूला. प्रवेश, तीन सोपान, मग राज्य पुरस्कार, मग राष्ट्रपती, ही चढण मुद्दाम लांब ठेवलेली आहे. वही बाबांच्या अक्षरात असली, तरी परीक्षक समोर दोरी टाकून ‘बोलाइनची गाठ मार’ म्हणतो तेव्हा बाबा दाराबाहेर असतात. रविवारी दोघांना एकेक दोरी देऊन समोरासमोर बसवा आणि डोळे मिटून कोण आधी मारतो ते बघा. हरलेला भांडी घासेल. आमच्या घरी यावर बरीच भांडी निघाली, आणि थोरला दहावीला जाईपर्यंत ती बहुतेक माझ्याच वाट्याला यायला लागली.

वड्यांबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. आईनं तळायचे, बाबांनी आणि मावशीनं विकत घ्यायचे, ही कमाई खरी कशी? ब्रिटनमध्ये १९४९ पासून ‘बॉब-अ-जॉब’ आठवडा असायचा : पोरं दारोदार जाऊन काम मागायची आणि एका कामाचा एक शिलिंग घ्यायची. आपल्याकडेही हे जमतं. शेजारच्या आजोबांचा स्कूटर धुणं, चपलांना पॉलिश, गच्चीवरची धान्याची वाळवण राखणं. माझ्या धाकट्यानं एका काकूंचे माळ्यावरचे पितळी डबे चिंचेनं घासून दिले. काकूंनी एक डबा परत घासायला लावला आणि मगच पैसे दिले, हे मला फार आवडलं.

प्रश्न : मला यातलं काहीच येत नाही. दोन्ही मुलांना घेऊन गावाकडे शेतावर एक रात्र काढायची आहे. काय करू?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : स्वयंपाक आणि तारे.

भांडी नेऊ नका. बटाटे, कांदे, वांगी निखाऱ्यात. जाळात नव्हे, जाळ बसू द्या. जाळात बटाटा बाहेरून कोळसा होतो आणि आत कच्चा राहतो. घट्ट कणकेची लांब वळी ओल्या काठीभोवती गुंडाळून निखाऱ्यावर फिरवत भाजा. काठी बाभळीची किंवा आंब्याची घ्या. कण्हेरीला हात लावू नका, ती विषारी असते.

तारे बघायला अंधार पडला की उत्तरेकडे तोंड करा. डिसेंबरात रात्री आठच्या सुमाराला शर्मिष्ठा या तारकासमूहाचा ‘एम’ बराच वर दिसेल. त्याच्या खाली, क्षितिजापासून साधारण अठरा अंशांवर ध्रुव. हात लांब करून मूठ धरली की ती दहा अंश झाकते, म्हणजे दोन मुठींच्या आत शोधा. तो फार ठळक नसतो, पोरं हमखास दुसराच तारा दाखवतात. सप्तर्षी त्या दिवसांत मध्यरात्र उलटल्याशिवाय पुरते वर येत नाहीत. ते संध्याकाळी हवे असतील तर एप्रिल-मेमध्ये जा : सप्तर्षींच्या चौकोनाच्या, शेपटीपासून लांबच्या कडेचे दोन तारे, पुलह आणि क्रतू, यांना जोडणारी रेघ क्रतूच्या पुढे पाचपट वाढवली की ध्रुव.

चांदणी रात्र टाळा, अमावास्येच्या आसपासचा शनिवार बघा. आणि काडेपेटी मोठ्या मुलाकडे द्या.