दिल्लीची स्वस्त डिझेल गाडी पुण्यात आणावी का?

दिल्लीतील एका दलालाकडे २०१८ सालची डिझेल एसयूव्ही पुण्यातल्या भावापेक्षा पावणेदोन लाखांनी स्वस्त मिळते आहे आणि आपला वापर महिन्याला सहाशे किलोमीटर, तोही बहुतेक कोथरूड ते हिंजवडी असा आहे, तर ती घ्यावी का, असे आपण विचारले आहे. एवढ्या वापरासाठी ती घेऊ नये, असे माझे मत आहे.

गाडी स्वस्त आहे म्हणून तिच्यात खोट असेलच, असे मात्र नाही. राष्ट्रीय हरित लवादाने दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर दिल्ली परिसरात बंदी घातली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, तेव्हापासून तिथे जुन्या डिझेल गाडीला गिऱ्हाईक मिळणे अवघड झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने अशा मालकांवर सक्तीची कारवाई तूर्त नको असे सांगितले, तरी बाजाराने घेतलेली धास्ती एका आदेशाने जात नाही.

प्रश्न आहे तो हे पावणेदोन लाख खरोखर आपल्या खिशात राहतात का, हा. दिल्लीची गाडी पुण्यात नोंदवताना वाहन कर इथे पुन्हा भरावा लागतो, आणि महाराष्ट्रात खासगी मालकाच्या डिझेल गाडीवरील हा एकरकमी कर १३ टक्क्यांपासून सुरू होतो. गाडीची मूळ किंमत नऊ लाख धरली तर पूर्ण कर १ लाख १७ हजार होतो. वयानुसार त्यात घट मिळते, पण नेमका आकडा आरटीओतून काढून घेतल्याशिवाय टोकन देऊ नये. दिल्लीत भरलेल्या कराचा काही परतावा मागता येतो खरा. तथापि पुण्यात बसून त्याचा पाठपुरावा करणे किती जिकिरीचे आहे ते पाहता ती रक्कम हिशेबात न धरलेली बरी. त्यातच एनओसी (दिल्लीच्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र), एजंट, वाहतूक आणि नव्या नंबर पाट्या यांचा खर्च आहे.

माझ्या मते खरी जोखीम कागदपत्रांत आहे. दलाल गाडी विकतो, पण आरसी बुकावर नाव बहुधा तिसऱ्याच माणसाचे असते आणि त्याच्या सह्या घेतलेले मालकी बदलाचे कोरे फॉर्म २९ व ३० दलालाच्या खणात पडलेले असतात. परराज्यात नेण्यासाठी लागणारा फॉर्म २८ वरील एनओसीचा अर्जही त्या नोंदणीकृत मालकाच्याच नावाने जातो, त्यामुळे तो परदेशी गेला असेल, वारला असेल किंवा नुसता फोन उचलत नसेल, तर गाडी आपल्या दारात उभी आणि नाव दुसऱ्याचे, अशी अवस्था होते. कर्ज फिटलेले असले तरी फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र देऊन आरसीवरील बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, उतरवलेला नसेल, तर काम तिथेच अडते. ‘वर्षभर दिल्लीच्याच नंबरवर चालवा’ हा सल्ला दलाल हमखास देतात. परंतु ती बारा महिन्यांची सवलत नोंदणी क्रमांक बदलण्यापुरती आहे, मालकी बदलल्याची नोंद लांबणीवर टाकण्यासाठी नव्हे. विम्याचेही तसेच आहे. थर्ड पार्टी संरक्षण कायद्याने गाडीसोबत येते, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीसाठी पॉलिसी चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, त्याच्याकडेच राहतो.

पेट्रोलच्या तुलनेत डिझेलचे मायलेज आणि पुण्यातील इंधनाच्या भावांचा फरक लक्षात घेता सहाशे किलोमीटरला महिन्याकाठी फार तर चौदा-पंधराशे रुपये वाचतील. जुन्या डिझेल गाडीचे इंजेक्टर किंवा टर्बो एकदा खराब झाले की दोन-तीन वर्षांची ही बचत एका बिलात संपते. महिन्याला दीड हजार किलोमीटर, त्यातही महामार्गावर धावणारा माणूस विचारत असता, तर मी वेगळे उत्तर दिले असते.

तरीही मन त्याच गाडीवर बसले असेल, तर आपण येणार म्हणून इंजिन आधीच तापवून ठेवू नये, असे दलालाला बजावावे आणि थंड इंजिन स्वतः सुरू करून धूर पाहावा. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावेत. पुराच्या पाण्यात राहिलेल्या गाडीची सीट कव्हरे बदलता येतात, पण पट्ट्याच्या आतल्या टोकावरची चिखलाची रेघ पुसायचे कोणाच्या लक्षात राहत नाही. मीटर पन्नास हजार दाखवत असेल आणि ब्रेकच्या पेडलवरचे रबर गुळगुळीत झाले असेल, तर आकड्यावर विश्वास ठेवू नये. टायरच्या कडेला चार अंक असतात, उदाहरणार्थ २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. स्पेअर टायरवरचा आकडाही पाहावा, म्हणजे गाडीच्या वयाचा आणि टायर बदलल्याचा अंदाज येतो. चॅसिस क्रमांक फोटोवरून नव्हे, तर गाडीवर कोरलेला स्वतः वाचून आरसीशी ताडून घ्यावा. दलालाने सुचवलेला मेकॅनिक नको. तिथे कोणी ओळखीचे नसेल, तर त्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये पैसे भरून तपासणी करून घ्यावी आणि सर्व्हिसच्या नोंदीही तिथेच मागाव्यात. दलाल गाडी तिथे न्यायला कुरकुर करू लागला, तर परतीचे तिकीट काढावे.

आपल्या वापरासाठी मी एमएच १२ किंवा एमएच १४ (पुणे किंवा पिंपरी-चिंचवड) पासिंगची, पहिल्याच मालकाकडे असलेली पेट्रोल गाडी शोधेन, मग ती या एसयूव्हीपेक्षा एक-दोन वर्षे जुनी असली तरी चालेल. मालकाला समोर बसवून सह्या घेता येतात आणि त्याच दिवशी नाव बदलण्याच्या अर्जाचे काम सुरू करता येते, ही सोय त्या पावणेदोन लाखांतून वजा करून मग भाव ठरवावा.