निहालीतले आकडे : चारापर्यंत एक, पाचापासून दुसरे

प्रश्न असा आला आहे : निहालीत चाराच्या पुढे स्वतःचे आकडे नाहीत, मग या लोकांना पूर्वी चारापलीकडे मोजता येत नव्हतं का?

तसं अजिबात नाही.

निहाली बुलडाणा जिल्ह्यात, जळगाव जामोदच्या आसपास बोलतात. बोलणारे दोन-अडीच हजारांच्या घरात, आणि जगातल्या कुठल्याही भाषाकुळात ती बसत नाही. तिचे आकडे बघा : बिडुम, इरार, मोठो, नालो, पांचो. 'मोठो'चा आपल्या 'मोठा'शी संबंध नाही, ते तीन. कन्नडमधले एरडु, मूरु, नाल्कु शेजारी ठेवले की दोन ते चार द्राविडी वळणाचे आहेत हे कानालाच कळतं. पाचापासून पुढे आपलेच, म्हणजे मराठी-हिंदीचे. तिचा स्वतःचा म्हणावा असा आकडा उरतो एकच, बिडुम.

मला यातलं सर्वांत विलक्षण वाटतं ते वेगळंच. निहाली माणसं शेजारची कोरकूही बोलतात आणि निहालीत कोरकू शब्दांचा भरणा मोठा आहे. कोरकूकडे दहापर्यंतचे स्वतःचे आकडे आहेत. सहाला तुरुय, दहाला गेल. कोरकूच्याच मुंडा कुळातल्या संथाळी भाषेतही हेच शब्द चालतात. एवढं तयार सामान घरात असूनही निहालीने आकडे तिथून घेतले नाहीत.

माझ्या मते हिशेब ज्याच्याशी करायचा त्याचे आकडे तोंडी बसतात. मजुरी, माप, उधारी हे सगळं बाजाराच्या भाषेत चालतं. घरातली दोन-तीन पोरं, चार भाकरी मोजायला मात्र जुने शब्द टिकतात, कारण ते रोज लागतात. बलुचिस्तानातली ब्राहुई भाषा पाहा : असिट, इरट, मुसिट हे तीन द्राविडी, आणि चारापासून पुढे फारसी-बलुची. आपणही 'सहस्र' पोथीत ठेवून फारसीतला 'हजार' उचलला. म्हणून मराठी माणसाला पूर्वी हजार मोजता येत नव्हते असं कुणी म्हणत नाही.

तुम्ही शब्द गोळा करत असाल तर एक कळकळीची विनंती. 'पुढचे आपलेच आहेत' म्हणून वही चारावर मिटू नका. पांचो, सहा, सात कसे उच्चारतात तेही टिपा, आणि पैसे, गुरं, दिवस वेगवेगळे मोजून घ्या. कुठला आकडा मराठीकडून आला आणि कुठला हिंदीकडून, ते त्या उच्चारांतूनच सापडेल.