प्राणिशास्त्रात बी.एस्सी. केल्यावर पुरातत्त्वातील प्राण्यांच्या हाडांच्या अभ्यासात प्राध्यापक म्हणून कारकीर्द करता येईल का?

करता येईल, मात्र केवळ हाडांच्या तज्ज्ञासाठी जागा निघेल अशा भरवशावर राहू नका. आपल्याकडे जाहिरात येते ती पुरातत्त्वाच्या अध्यापकाची, आणि त्या जागेवर रुजू झाल्यावर नाणी, मृद्भांडी, मूर्तिशास्त्र यांपैकी काहीही शिकवण्याची वेळ येऊ शकते. म्हणून पदव्युत्तर शिक्षण पुरातत्त्वातच घ्यावे, नेट ही अध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षाही त्याच विषयात द्यावी आणि हाडांचा अभ्यास हे आपले खास कौशल्य म्हणून जोपासावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

महाराष्ट्रात या विषयाचे माहेरघर म्हणजे पुण्याचे डेक्कन कॉलेज. शिरूर तालुक्यातील घोड नदीकाठच्या इनामगावात १९६८ ते १९८३ या काळात या कॉलेजने उत्खनन केले आणि तिथल्या हाडांचा अभ्यास पी. के. थॉमस यांनी केला. ही वस्ती इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील. तिच्या अखेरच्या टप्प्यात हवामान कोरडे होत गेले, शेती खालावली आणि लोक मेंढ्या-शेळ्यांच्या पालनाकडे वळले, असे पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी मांडले. अशा मांडणीला हाडांचा आधार लागतो, आणि तो आधार उभा करण्याचे काम फार चिकाटीचे असते.

मेंढी आणि शेळी हे एकच उदाहरण घ्या. दोघींच्या सांगाड्यातील बहुतेक हाडे इतकी सारखी असतात की अहवालात पुष्कळ तुकडे ‘मेंढी/शेळी’ अशा एकाच रकान्यात टाकावे लागतात. पुढच्या पायाची खुरांच्या वरची नळी पूर्ण मिळाली तर मेंढीची लांब व सडपातळ आणि शेळीची आखूड व रुंद, असा फरक सहसा करता येतो. पण पूर्ण नळी मिळते कुठे? हाती येतात ते आतली मज्जा काढण्यासाठी फोडलेले, कुत्र्यांनी चावलेले, चुलीत भाजलेले तुकडे. नळीचे टोक दांड्याला जुळलेले नसेल तर जनावर कोवळे होते एवढे निश्चित सांगता येते, आणि दाढांच्या झिजेवरून वयाचा अंदाज आणखी बारकाईने बांधता येतो. कोवळी जनावरे अधिक कापली गेली असतील तर पालनाचा उद्देश दूध किंवा मांस असावा; म्हातारी अधिक असतील तर मेंढ्यांची लोकर, बैलांचे औत किंवा ओझे वाहणे, असा तर्क त्यावर चालतो.

तज्ज्ञांचेही एकमत होतेच असे नाही. कच्छमधील सुरकोटडा या सिंधू संस्कृतीच्या स्थळी सापडलेली हाडे रानगाढवाची नसून खऱ्या घोड्याची आहेत, असे हंगेरीचे शांदोर बोकोनी यांनी ठरवले, तर अमेरिकेचे रिचर्ड मेडो यांनी त्यावर आक्षेप घेतला. गुरांच्या हाडांवरील कापल्याच्या खुणांविषयी लिहिताना तर वाचकांच्या भावना आड येतात. खूण दिसली तर ती नोंदवायची, एवढे पथ्य पाळता येत नसेल तर या वाटेला न गेलेले बरे.

तुलनेसाठी स्वतःचा हाडांचा संग्रह आतापासूनच जमवायला लागा. खाटकाकडून शेळीचे किंवा मेंढीचे पाय आणून, उकळून, साफ करून प्रत्येक हाडावर जनावर, लिंग आणि वय शाईने लिहून ठेवावे. काळवीट, चितळ, रानडुक्कर यांच्या हाडांना मात्र परवानगीशिवाय हात लावू नये; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे जंगलात पडलेले हाड उचलून घरी आणणेही अडचणीत टाकू शकते. परळ किंवा शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात रीतसर अर्ज करून सांगाडे पाहण्याची विनंती करावी. तुमचे प्राणिशास्त्र इथेच खऱ्या अर्थाने कामी येईल, कारण पुरातत्त्वाकडे कला शाखेतून आलेल्या विद्यार्थ्यांना नेमकी हीच बाजू अवघड जाते.