स्टॉकहोमचा उन्हाळा: नाचायला जायचंय, पण विचारतंय कोण!

प्रश्न: ताई, मी मूळची नाशिकची, सध्या स्टॉकहोमला. ऑफिस शहराच्या किस्ता भागात. आख्खा हिवाळा घर-ऑफिस-घर एवढंच केलं आणि आता जून लागला तर हीच गप्प माणसं एकदम पार्कात गातायत, नाचतायत! मी हिवाळ्यात लिंडी हॉप या जोडीने करायच्या स्विंग नाचाचा बिगिनर कोर्स केला होता म्हणून हौसेने एका ओपन एअर डान्सला गेले तर कितीतरी वेळ कठड्याला टेकून उभी, एकानेही विचारलं नाही. मी इंडियन दिसते म्हणून असेल का? परत जाऊ की नको?

उत्तर: जा, नक्की जा. रंगाचा संबंध कधीच नसतो असं मी छातीठोक सांगणार नाही, पण पहिलं कारण ते नसावं गं. स्वीडिश माणूस अनोळखी माणसाला आपणहून त्रास देत नाही, बसमध्येही शेजारी बसत नाही, आणि तू कठड्याला टेकून उभी म्हणजे तुला निवांत गाणी ऐकायचीयत असंच ते धरून चालतात. तूच विचारायचं. स्विंगवाल्यांमध्ये बाईने विचारलं तर कोणाची भुवईही वर जात नाही, बायका लीड करतात, पुरुष फॉलो करतात, सगळं चालतं. "स्का वी डान्सा?" (म्हणजे "नाचूया का?") एवढं पुरतं, इंग्लिशमध्ये विचारलंस तरी चालेल. नाही म्हणाला तर हसून पुढच्याला विचार, तिथे कोणी मनाला लावून घेत नाही.

डान्सबँडच्या (नाचासाठी गाणी वाजवणाऱ्या स्वीडिश बँडच्या) नाचाला गेलीस, म्हणजे फॉक्सट्रॉट आणि बुग हे जोडीचे नाच (बुग हे आपल्या स्विंगचंच घरगुती भावंड समज), तर तिथली रीत माहीत असू दे. एकदा होकार आला की सलग दोन गाणी नाचायची, मग "टाक" (स्वीडिशमध्ये "आभारी आहे") म्हणायचं आणि आपापल्या वाटेने. एका गाण्यानंतर निघून गेलीस तर समोरच्याला वाटतं काय चुकलं माझं, आणि सलग चार नाचलीस तर वेगळाच अर्थ निघू शकतो. काही ठिकाणी अमुक वेळ बायकांनी विचारायचं, अमुक वेळ पुरुषांनी, अशा पाळ्याही असतात. फ्लोअरवरही ट्रॅफिकचा नियम आहे बरं का, फॉक्सट्रॉटवाले कडेकडेने घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतात आणि बुगवाले मध्ये जागच्या जागी. नवीन माणूस कडेला थांबून गिरक्या घ्यायला लागला की धक्के बसतात. आणि रबरी सोलचे बूट नकोत, लाकडी फळ्यांवर अडकतात, गुडघा दुखतो.

बाय द वे, तू लिंडी हॉप निवडलास हे फार आवडलं, कारण त्या नाचाची दुसरी खेप याच शहराचं खूप देणं लागते. मूळ न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या काळ्या लोकांचा नाच, सवॉय बॉलरूम या तिथल्या नाचघराचा. नंतर फॅशन बदलली, लोक विसरले. १९८० च्या दशकात काही स्वीडिश पोरं न्यूयॉर्कला जाऊन जुने नर्तक शोधायला लागली आणि १९८४ मध्ये त्यांच्यातल्या अल मिन्स यांना शिकवायला थेट स्टॉकहोमला घेऊन आली. पुढे दुसरे जुने नर्तक फ्रँकी मॅनिंगही यायला लागले, जे मधली तीसेक वर्षं पोस्टात नोकरी करत होते! स्टॉकहोमच्या उत्तरेला हेरेंग नावाचं बारकं गाव आहे, तिथे १९८२ पासून उन्हाळी डान्स कॅम्प भरतो, जुलैमध्ये जगभरातली माणसं येतात, दिवसा क्लास आणि रात्रभर नाच. सुट्टी शिल्लक असेल तर एक आठवडा तिथे टाक. तिथे कठड्याला टेकायला वेळच मिळत नाही.

प्रश्न: नमस्कार. मी सांगलीचा, निवृत्त शिक्षक. जुलै-ऑगस्टमध्ये मी आणि सौ. मुलीकडे स्टॉकहोमला येतोय. नाचणं आमच्याने होणार नाही, पण गाण्याची आवड आहे. मुलगी-जावई दिवसभर कामावर. आमच्यासारख्यांना बघण्यासारखं काय, आणि खिशाला परवडेल का?

उत्तर: काका, परवडेल, उलट चांगलं ते फुकटच आहे. पार्कतेआतर्न म्हणून सिटी थिएटरचा उपक्रम आहे, १९४२ पासून चालू, उन्हाळाभर शहरातल्या वेगवेगळ्या पार्कांत नाटक, संगीत, सर्कस, नृत्य, तिकीट नाही. नाटकं बहुतेक स्वीडिशमध्ये, म्हणून तुम्ही संगीताचे आणि सर्कशीचे दिवस निवडा. रोलाम्ब्सहोव्ह पार्कातलं खुलं थिएटर मला सगळ्यात आवडतं, १९५३ मध्ये शहराला ७०० वर्षं झाली तेव्हा बांधलेलं. बसायला पायऱ्या आहेत, त्यामुळे सतरंजी न्या आणि काकूंसाठी छोटी उशी.

दुसरं म्हणजे मंगळवारची संध्याकाळ. युरगोर्डन बेटावर स्कान्सेन हे खुलं म्युझियम आहे, तिथे १९३५ पासून सामूहिक गाण्याचा कार्यक्रम होतो, ऑल्सोंग पो स्कान्सेन. स्टेजवर गायक असतात पण गाणी सगळ्या पब्लिकने म्हणायची, शब्द समोर दिलेले असतात. १९७९ पासून टीव्हीवर दाखवतात, आख्खा देश बघतो. पुढे उभं राहायला लोक सकाळपासून रांग लावतात, तुम्ही त्या भानगडीत पडू नका, मागून टेकाडावरून ऐका. स्कान्सेनला तिकीट आहे, पण दिवसभर जुनी घरं, प्राणी बघून संध्याकाळी गाणी असं केलं तर पैसे वसूल. तिथेच गालेयान नावाच्या भागात नाचाचा फ्लोअर आहे, नाच कुठल्या दिवशी ते वेबसाइटवर बघून घ्या. बाकावर बसून सत्तरीच्या जोडप्यांना फॉक्सट्रॉट करताना बघा, आणि काकूंनी ओढलंच तर आढेवेढे घेऊ नका.

शहराच्या मध्यातल्या स्लुस्सेनहून युरगोर्डन बेटावर फेरी जाते, तिला बस-मेट्रोचंच तिकीट चालतं. रोख पैसे बऱ्याच ठिकाणी घेतच नाहीत, कार्ड ठेवा. जुलैच्या सुरुवातीला दहाच्या सुमाराला मावळतं, त्यामुळे वेळेचा अंदाज चुकतो, जेवण डब्यात घेऊन जा. आणि ऊन कितीही असो, स्वेटर हवाच.

प्रश्न: माझी बायको इथे बुग शिकतेय आणि दर आठवड्याला वेगवेगळ्या पुरुषांबरोबर नाचते. मी जुन्या विचारांचा नाही, पण ऑकवर्ड वाटतं. पुण्याच्या नातेवाईकांनी फोटो पाहिले तर काय म्हणतील?

उत्तर: नातेवाईक काय म्हणायचं ते म्हणतील, स्वीडनमधलेही म्हणायचे! १९४० च्या आसपास इथल्या पाद्र्यांनी आणि पेपरांनी गावोगावच्या डान्स फ्लोअरवर तरुण पिढी बिघडतेय म्हणून केवढा गहजब केला होता. आणि सरकारचंही ऐका, इथे सार्वजनिक नाच ठेवायचा तर पोलिसांची परवानगी लागायची, ती अट गेली १ जुलै २०२३ ला. आता नुसतं कळवलं की झालं. तर तुमचं एकट्याचं ऑकवर्ड वाटणं मी समजू शकते. पण दोन गाणी, आभार, पुढचा पार्टनर हा तिथला शिरस्ता आहे, पार्टनर बदलणं हाच मुळी त्या नाचाचा भाग, क्लासमध्येसुद्धा दर काही मिनिटांनी बदलायलाच लावतात. फोटो नातेवाइकांना पाठवायचे की नाही ते बायकोला ठरवू द्या. आणि बिगिनर क्लासमध्ये पुरुष कमी पडतात हो बऱ्याचदा, नाव घाला.