मुलीला न्यू जर्सीत प्रायव्हेट प्रेप स्कूलला घालावं का?

तुमचा प्रश्न वाचला. म्हणजे नवऱ्याची एल-वनवर (कंपनीने अमेरिकेतल्या ऑफिसात बदली केली की मिळणारा व्हिसा) न्यू जर्सीला बदली होतेय, मुलगी पुण्यात सीबीएसईला आठवीत, पुढच्या उन्हाळ्यात येणार आणि थेट नववीत बसणार, आणि ऑफिसातल्या कोणीतरी डोक्यात भरवून दिलंय की आयव्ही लीग (हार्वर्ड, प्रिन्स्टनसारखी नामांकित विद्यापीठं) हवं तर प्रायव्हेट प्रेप स्कूलशिवाय (कॉलेजची तयारी करून घेणारी खाजगी शाळा) पर्याय नाही. आमचा मोठा नववी ते बारावी अशाच एका शाळेत होता (डे स्कूल, बोर्डिंग नाही) आणि धाकटी टाऊनच्या पब्लिक स्कूलला (म्हणजे इथली सरकारी शाळा) जाते, त्यामुळे दोन्हीकडचं घरातच बघायला मिळतंय. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी एक सांगते, प्रेप स्कूल हे आपल्याकडच्या इंटिग्रेटेड जेईई क्लाससारखं अजिबात नसतं. तिथे एंट्रन्सची घोकंपट्टी कोणी करून घेत नाही, एसएटीची (कॉलेज प्रवेशाची परीक्षा) तयारी बरीच मुलं बाहेरच करतात. आणि सिलॅबस म्हणाल तर चांगल्या पब्लिक स्कूलपेक्षा तो फार वरचा असतो असंही नाही. एपीचंच (हायस्कूलमध्येच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे कोर्स) बघा, वॉशिंग्टनच्या आसपासच्या आठ नामांकित प्रायव्हेट शाळांनी २०१८ मध्ये जाहीर करून एपी कोर्स बंदच करायचे ठरवले, आमचे आम्ही कोर्स बनवू म्हणाल्या. त्यामुळे एपीची यादी मोजून शाळा निवडू नका.

मग एवढे पैसे कशाचे? माझ्या मते मोठ्या माणसांच्या वेळेचे. वर्गात बारा ते पंधरा मुलं असतात, लपायला जागाच नाही. हार्कनेस टेबल हा शब्द तुम्हाला प्रत्येक कॅम्पस टूरला ऐकू येईल. १९३० मध्ये एडवर्ड हार्कनेस नावाच्या श्रीमंत गृहस्थाने न्यू हँपशरच्या फिलिप्स एक्झिटरला मोठी देणगी दिली, तिथून ही पद्धत आली, एका लंबगोल टेबलाभोवती बाराएक मुलं आणि शिक्षक बसतात आणि मुलंच धडा चालवतात. प्रिन्स्टनशेजारच्या लॉरेन्सविलला पण हेच चालतं. मुलाच्या शाळेत इंग्लिशचा तास असाच असायचा. बाई समोर कागद घेऊन बसायच्या, त्यावर टेबल काढलेलं, भोवती मुलांची नावं, आणि कोण कोणाला उत्तर देतंय तशा रेघा ओढत जायच्या. तास संपला की कागदावर कोळ्याचं जाळं. पहिले काही आठवडे आमच्या चिरंजीवांच्या नावाला एकही रेघ नाही! वर्गात गप्प बसणारा शहाणा मुलगा हेच आपण शिकवलेलं ना. बाईंनी मार्क कापले नाहीत, त्याला सांगितलं की उद्याच्या तासाला पहिला प्रश्न तू आणायचा, फक्त एक. आणि आम्हाला वेगळी मेल, की तो ऐकतोय मन लावून, घाई करू नका. दिवाळीनंतर गडी असा बोलायला लागला की आता घरात त्याला गप्प करावं लागतं. हे तीस मुलांच्या वर्गात होत नाही असं नाही, पण तिथल्या शिक्षकाला तेवढी फुरसत कुठून असणार.

तसंच अॅडव्हायझरचं. सातआठ मुलांमागे एक शिक्षक असतो, तो मूल कसं झोपतंय, कोणाबरोबर जेवतंय इथपर्यंत लक्ष ठेवतो. रिपोर्ट कार्डवर नुसते ग्रेड नाहीत, प्रत्येक विषयाच्या शिक्षकाचा अख्खा परिच्छेद.

कॉलेज काउन्सेलिंगचा फरक मात्र खरा मोठा आहे. अमेरिकेतल्या काउन्सेलरांच्या संघटनेची शिफारस २५० मुलांमागे एक अशी आहे आणि बहुतेक राज्यांत तेवढंही जमत नाही, शिवाय त्याच माणसाने वेळापत्रक, भांडणं, मानसिक त्रास सगळं बघायचं. प्रेप स्कूलला फक्त कॉलेजसाठी वेगळा माणूस असतो, त्याच्याकडे तीसचाळीस मुलं, अकरावीपासून घरच्यांसकट बसवतो, निबंध वाचतो, शाळेतर्फे जाणारं पत्र तोच लिहितो. आपल्यासारख्या इथे न शिकलेल्या आईबापांना हे फार उपयोगी, आपल्याला कॉमन अॅप (बऱ्याच कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज) म्हणजे काय इथपासून सुरुवात असते.

खेळ बहुतेक ठिकाणी सक्तीचा, पण टीम खूप असल्याने आयुष्यात बॅटच धरलेल्या पोरालाही कुठेतरी घेतात. नाटक, ऑर्केस्ट्रा, रोबोटिक्स हे सगळं आहेच, पण ते चांगल्या पब्लिक स्कूललाही आहे, कधीकधी जास्त मोठं.

आता आयव्ही लीगचं. वेबसाइटवरची कॉलेजांची यादी बघून भुलू नका. त्यातली किती मुलं आईबाप त्याच कॉलेजचे म्हणून गेली, किती खेळावर रिक्रूट होऊन गेली, ते यादी सांगत नाही. शिवाय एकाच वर्गातली पंधरावीस हुशार मुलं त्याच कॉलेजला अर्ज करतात, म्हणजे तुमच्या मुलीची पहिली स्पर्धा शेजारच्या बाकावरच.

पैशांचं स्पष्ट बोलू. या भागात चांगल्या डे स्कूलची फी वर्षाला ४०-५० हजार डॉलर धरा, बोर्डिंग त्याहून बरीच जास्त. वर पुस्तकं, ट्रिपा, खेळाचं सामान, आणि अॅन्युअल फंडाच्या मेल येतात त्या वेगळ्याच (फी भरूनही देणगी मागतात याचा मला अजून राग येतो). फायनान्शियल एड मिळते, आणि ज्या शाळेची गंगाजळी मोठी ती जास्त देऊ शकते. हाइट्सटाऊनच्या पेडी स्कूलला १९९३ मध्ये वॉल्टर अॅननबर्ग या माजी विद्यार्थ्याने १० कोटी डॉलर दिले होते! पण एड उत्पन्न बघून देतात, आणि व्हिसावरच्या मुलांना देतात का ते प्रत्येक शाळेला आधी विचारा. स्वस्तातला पर्याय म्हणजे कॅथलिक शाळा, फी साधारण निम्मी. जर्सी सिटीचं सेंट पीटर्स प्रेप जेझुइटांचं आहे, आपल्या पुण्यातल्या सेंट व्हिन्सेंट्स आणि लोयोलासारखंच, पण ते फक्त मुलग्यांचं, तुमच्या उपयोगाचं नाही. मुलींच्या कॅथलिक शाळा आहेत, धर्माचा तास सगळ्यांना असतो एवढं धरून चाला.

मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं? एल-टूवर (एल-वनवाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) आलेल्या मुलीला पब्लिक स्कूल फुकट आहे, कितीही वर्षं. (मूल एकटंच एफ-वनवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, पाठवायचं तर गोष्ट वेगळी, तिथे पब्लिक हायस्कूलला जास्तीत जास्त बारा महिने आणि तेही पूर्ण खर्च भरून, म्हणून ती मुलं प्रायव्हेटलाच दिसतात.) वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो किंवा प्रिन्स्टन, एडिसनसारख्या चांगली पब्लिक स्कूल असलेल्या ठिकाणी घर भाड्याने घ्या, भाडं जास्त पडेल पण चार वर्षांची प्रेपची फी म्हणजे एक लाख साठ हजार ते दोन लाख डॉलर होतात, आणि व्हिसावरच्या मुलांना कॉलेजला सरकारी मदत मिळत नाही, तेव्हा तो पैसा तिकडे लागेल. मुलगी स्वतःहून हात वर करणारी असेल तर पब्लिकमध्ये ती मजेत राहील. ती बुजरी असेल, किंवा पुण्यातल्या मोठ्या वर्गात आत्ताच हरवल्यासारखी वाटत असेल आणि पैशांची ओढाताण होणार नसेल, तर प्रेपचा विचार जरूर करा. तिला विचारलंत का पण? प्रश्नात तिचं मत कुठे दिसलं नाही.

अर्ज करणार असाल तर वेळ फार नाहीये. बहुतेक शाळांची मुदत जानेवारी मध्य ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला संपते, निकाल मार्चमध्ये. एसएसएटी ही या शाळांची प्रवेशपरीक्षा भारतातूनही देता येते, इंटरव्ह्यू व्हिडिओवर होतो. सध्याच्या शाळेतल्या गणिताच्या आणि इंग्लिशच्या शिक्षकांची शिफारसपत्रं लागतात, ती त्यांनीच ऑनलाइन भरायची असतात, तुमच्या हातात देऊन चालत नाही. डिसेंबरात गॅदरिंगच्या गडबडीत कोणी हाती लागणार नाही, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीआधीच त्यांना गाठा, आणि सहावीपासूनची मार्कलिस्ट शाळेच्या शिक्क्यासकट काढून ठेवा. लसींचा रेकॉर्ड मात्र पब्लिक असो की प्रायव्हेट, लागणारच, तो डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून आणा.