युद्धांचा इतिहास शिकून पुढे काय?

प्रश्न : मुलगी कराडला बारावी सायन्सला आहे. नीट द्यायची नाही म्हणते. दोन वर्षं पहिल्या महायुद्धाच्या मागे लागली आहे. कोणत्या देशाचा कुणाशी करार, कोण कुणाला घाबरत होतं, सगळं तोंडपाठ. मी म्हटलं, एवढी आवड आहे तर एनडीए दे. तर म्हणते, ‘मला लढायचं नाही बाबा, लढाया का होतात ते शिकायचंय.’ घरचे म्हणतात, हा मुलींचा विषय नव्हे आणि याला नोकरीही नाही. काय करावं?
– एक पालक

उत्तर : नमस्कार. मुलीने तुम्हाला दिलेलं उत्तर मी दोनदा वाचलं. लढणं वेगळं आणि लढाया का होतात हे समजून घेणं वेगळं, एवढं तिला या वयात कळलंय ही मोठी गोष्ट आहे. एनडीएत २०२२ पासून मुलींच्याही तुकड्या दाखल होत आहेत आणि तो उत्तम मार्ग आहे, पण तो अधिकारी घडवण्याचा. तिला तिकडे जायचं नसेल तर ढकलू नका.

खरा प्रश्न वेगळाच आहे. तिला आवडतात त्या लढायांच्या गोष्टी, की त्यामागचे निर्णय? गोष्टी सगळ्यांनाच आवडतात. प्रतिस्पर्ध्याच्या धास्तीने सत्ता निर्णय कसे घेतात, ते कागदपत्रांतून शोधणं हा अभ्यासाचा विषय, आणि तो चिकाटीचा आहे.

तिच्याच आवडीचा प्रसंग घेऊ. जर्मनीच्या पश्चिमेला फ्रान्स, पूर्वेला रशिया आणि १८९४ पासून त्या दोघांची युती. दोन्हीकडे एकदम लढावं लागलं तर आपला निभाव लागणार नाही, ही जर्मन सेनानींची भीती. त्यावर तेव्हाचा जर्मन सेनाप्रमुख श्लीफेन याने १९०५च्या सुमारास तोड काढली. रशियाला सैन्य गोळा करायला वेळ लागेल, तेवढ्यात बेल्जियममधून घुसून साधारण सहा आठवड्यांत फ्रान्सला लोळवायचं आणि मग सैन्य रेल्वेने पूर्वेला न्यायचं. पण बेल्जियमच्या तटस्थतेची हमी १८३९च्या करारात ब्रिटनने दिलेली होती, म्हणजे तिथे घुसलं तर ब्रिटनशीही गाठ पडण्याची भीती. शिवाय सगळी मदार रेल्वेच्या वेळापत्रकावर.

१ ऑगस्ट १९१४ची संध्याकाळ तिला बारकाईने वाचायला सांगा. लंडनहून जर्मन राजदूताची तार आली. फ्रान्सवर हल्ला केला नाही तर ब्रिटन बाजूला राहील, असा बर्लिनमध्ये तिचा अर्थ लावला गेला. कैसर म्हणजे जर्मन सम्राट खूश झाला. म्हणाला, मग सगळं सैन्य पूर्वेलाच नेऊ. सेनाप्रमुख मोल्टकेने साफ नकार दिला. लाखो सैनिकांची हालचाल ऐनवेळी बदलता येत नाही. बदलली तर हाती सैन्य नव्हे, हत्यारबंद माणसांची विस्कळीत गर्दी उरेल, हे त्याचं म्हणणं. ‘तुमच्या काकांनी मला वेगळं उत्तर दिलं असतं,’ असं कैसर त्याला बोलला. काका म्हणजे १८७०च्या युद्धात फ्रान्सला हरवणारे थोरले मोल्टके. रात्री दुसऱ्या तारेने गैरसमज दूर झाला, ४ ऑगस्टला जर्मन फौजा बेल्जियममध्ये शिरल्या आणि त्याच रात्री ब्रिटन युद्धात उतरलं.

मोल्टके खरं बोलत होता का? त्याच्याच रेल्वे विभागाचा प्रमुख ग्रोनर याने युद्धानंतर लिहिलं, की सैन्य वळवता आलं असतं. पडताळायचं कसं? बर्लिनजवळच्या पोट्सडॅमचं लष्करी दफ्तर एप्रिल १९४५च्या बॉम्बहल्ल्यात बरंचसं जळून गेलं. वाचलेले काही कागद १९९०नंतर अभ्यासकांच्या हाती आले आणि श्लीफेनची अशी ठाम योजना होती का, यावरच इतिहासकारांत जुंपली. या वादात ती रमली तर विषय तिचा आहे.

आणि हे दूरच्या देशातलं म्हणून सोडून देण्यासारखं नाही. ब्रिटन उतरलं, मग तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने आलं, आणि इराणच्या आबादानचा तेलकारखाना सांभाळायला नोव्हेंबर १९१४मध्ये सहावी पूना डिव्हिजन इराकच्या किनाऱ्यावर उतरली. इराकमधल्याच कूतच्या वेढ्यात एप्रिल १९१६पर्यंत अडकलेल्यांत मराठा पलटणी होत्या. तुमच्याच जिल्ह्यातल्या अपशिंग्यातून या महायुद्धात किती जण गेले, ते गावात विचारून या. तिला घेऊन जा.

आता शिक्षण. बारावीचे गुण सांभाळायचे, सायन्स अर्धवट सोडायचं नाही. पुढे बीएला इतिहास किंवा राज्यशास्त्र. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात संरक्षण व सामरिकशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, तिथे पदव्युत्तर शिक्षण होतं. दिल्लीत जेएनयूचं आंतरराष्ट्रीय अभ्यास केंद्र आहे, तिथल्या एमएसाठी सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. परदेशात लंडनच्या किंग्ज कॉलेजचा युद्ध अभ्यास विभाग नावाजलेला आहे, पण खर्च मोठा. शिष्यवृत्तीशिवाय कर्ज काढून जायचा सल्ला मी देणार नाही.

या सगळ्याआधी भाषा, हे माझं आग्रहाचं सांगणं. जर्मन येत नसेल तर मोल्टकेबद्दल दुसऱ्यांनी लिहिलेलंच ती वाचत राहील. परीक्षा संपली की जर्मनचा वर्ग लावा. पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे, विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. उद्या तिचं लक्ष आजच्या अमेरिका-चीन स्पर्धेकडे वळलं तर चिनी शिकावी लागेल. चांगली चिनी जाणणारा सामरिक अभ्यासक आपल्याकडे दुर्मीळ आहे.

नोकरीचं स्पष्ट सांगतो. जागा थोड्या आहेत आणि स्थिरावायला वेळ लागतो. तिशीपर्यंत धीर धरायची तयारी घराने ठेवायला हवी. यूजीसी-नेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेला संरक्षण व सामरिकशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे. त्यातून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर संशोधनाच्या पहिल्या दोन वर्षांत दरमहा ३७,००० रुपये मिळतात, म्हणजे तुमच्यावर भार राहत नाही. पुढे प्राध्यापकी, दिल्लीच्या मनोहर पर्रीकर संरक्षण अध्ययन संस्थेसारख्या ठिकाणी संशोधन, पत्रकारिता, देशोदेशीच्या जोखमीचा अंदाज कंपन्यांना देण्याचं काम. यूपीएससीचा विचार असेल तर इतिहास हा वैकल्पिक विषय तिथेही आहे, पण तो दुसरा पर्याय म्हणून धरा, आधार म्हणून नको.

मुलींचा विषय नव्हे, हे मात्र घरात कुणी म्हणू नका. वर आलेल्या त्याच मोल्टकेवर ज्यांचं संशोधन जगभर आधाराला घेतात, त्या आनिका मोम्बाउर स्त्रीच आहेत.

लगेच निर्णय नको. बोर्डाची परीक्षा झाली की ‘मोल्टके खरं बोलत होता का?’ यावर तिला दोन पानं लिहायला सांगा. कोणती गोष्ट कुठून घेतली, कोणाचं म्हणणं का पटलं आणि का पटलं नाही, हे त्यात आलं पाहिजे. ती पानं मला पाठवा, मी वाचून तिलाच उत्तर लिहीन.